‘चार आठवड्यांचीच तर सायकल आहे दादा’

हे वाक्य मी गेल्या पंधरा वर्षांत इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की आता कोणी बेंचवर बसून इकडेतिकडे बघत, आवाज बारीक करून ‘दादा, एक विचारायचं होतं’ म्हणाला की पुढे काय येणार ते मला कळतं. कोणाचं लग्न ठरलेलं असतं, कोणाला गल्लीतल्या बॉडीबिल्डिंगच्या ‘श्री’ स्पर्धेत उतरायचं असतं, कोणी नुसतंच मित्राचे डोले बघून पेटलेला असतो. विषय असतो स्टेरॉइडचा, म्हणजे मसल वाढवायला घ्यायच्या टेस्टोस्टेरॉन ह्या पुरुषी हॉर्मोनच्या आणि त्याच्यासारख्या औषधांच्या सुया-गोळ्या, आणि त्या ठरावीक आठवडे घेऊन थांबायचं ह्याला पोरं सायकल म्हणतात. आणि हिशेब सगळ्यांचा सेमच असतो, म्हणजे वर्षानुवर्षं सुया मारणारे ते वेडे, त्यांचं हार्ट जातं, लिव्हर जातं, आपण फक्त चार नाहीतर सहा आठवडे मारायची, साइज आली की बंद, शरीराला कळायच्या आत आपण बाहेर. तर शरीराला कळायला किती वेळ लागतो हेच आज सांगायचंय, कारण ते पहिल्या दोन-चार दिवसांतच कळतं आणि छोट्या सायकलचा सगळा हिशेब तिथेच चुकतो.

आधी आपल्या अंगात टेस्टोस्टेरॉन तयार कसं होतं ते बघू. बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. खाली पंप आहे, पंप चालू-बंद करणारा वॉचमन आहे आणि वॉचमनला सांगणारे सेक्रेटरी आहेत. मेंदूतला हायपोथॅलॅमस म्हणजे सेक्रेटरी, त्याच्या खालची पिट्युटरी ग्रंथी म्हणजे वॉचमन, आणि पंप म्हणजे वृषणं. पिट्युटरी दोन संदेश पाठवते, एलएच आणि एफएसएच. एलएच आला की वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवतात, आणि एफएसएच शुक्राणू बनवायच्या कामात लागतं. टाकी भरली की सेक्रेटरी सांगतात बंद कर, उतरली की चालू कर. निरोगी तरुण माणसाच्या अंगात असं दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनतं. पूर्ण दिवसाचं मिळून एवढंसंच, पण दाढी-मिशीपासून मूडपर्यंत सगळं त्यावर चालतं.

आता तुम्ही बाहेरून टँकर मागवला. टाकी तुडुंब भरली, ओसंडून वाहायला लागली. वॉचमन काय करणार, पंप बंद करणार. पाणी आपल्या पंपाचं की टँकरचं हे त्याला कळत नाही, त्याला फक्त लेव्हल दिसते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घ्या, नॅन्ड्रोलोन म्हणजे ज्याला पोरं डेका म्हणतात ते घ्या, नाहीतर मेथँडिएनोनच्या म्हणजे डायनाबोलच्या गोळ्या घ्या, एलएच आणि एफएसएच दोन्ही थोड्या दिवसांतच खाली येतात. म्हणजे सायकल चार आठवड्यांची असो की सोळा आठवड्यांची, पंप बंद पडतो तो पहिल्याच आठवड्यात, त्यात सूट मिळत नाही. सूट मिळते ती फक्त पंप किती दिवस बंद राहिला यात. तो फरक खोटा आहे असं मी म्हणत नाही, वर्षभर बंद पडलेल्या पंपापेक्षा महिनाभर बंद पडलेला लवकर सुरू होतो हे खरंय, पण ‘महिनाभर’ हा आकडाच चुकीचा असतो. कसा ते आता सांगतो.

इंजेक्शनमधलं टेस्टोस्टेरॉन तेलात असतं आणि त्याला एक शेपूट जोडलेलं असतं, त्या शेपटाला ईस्टर म्हणतात. एनान्थेट, प्रोपिओनेट, डेकॅनोएट ही नावं तुम्ही ऐकली असतील, ती शेपटांचीच नावं. शेपूट जितकं लांब तितकं औषध स्नायूतून रक्तात हळू उतरतं. एनान्थेटचा अर्धा साठा संपायला साधारण साडेचार-पाच दिवस लागतात, डेकाच्या डेकॅनोएटला आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त. दर आठवड्याला सुई मारली की आधीचं थोडं उरलेलं असतं त्यावर नवीन चढतं, असं करत करत रक्तातली पातळी पूर्ण वर जायला एनान्थेटमध्ये तीनेक आठवडे जातात. म्हणजे चार आठवड्यांच्या सायकलमधले तीन आठवडे टाकी चढण्यातच गेले, फुल लेव्हलला तुम्ही जेमतेम आठवडाभर राहिलात, आणि शेवटची सुई मारल्यावरही ते औषध अजून दोन-तीन आठवडे रक्तात उतरत राहतं. ह्या उतरत्या आठवड्यांत मसल वाढवण्याइतकं ते उरत नाही, पण वॉचमनला पंप बंद ठेवायला लावण्याइतकं उरतंच. म्हणजे तुमच्या कॅलेंडरवर चार आठवडे, पंपाच्या कॅलेंडरवर सात, आणि डेका असेल तर त्याहूनही जास्त, आणि पंप परत चालू व्हायला किती दिवस लागतील ते अजून ह्यात धरलेलंच नाही.

बरं मग त्या बदल्यात मिळतं काय? पोरं म्हणतात दहा दिवसांत चार किलो वजन वाढलं दादा. वाढतं, वजनकाटा खोटं बोलत नाही. पण डायनाबोलसारख्या गोळ्यांवर पहिल्या दोन आठवड्यांत जे वाढतं त्यात पाणी आणि मीठ खूप असतं, शिवाय मसलमध्ये साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा असतो. चेहरा गोल होतो, घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकचा ठसा खोल उमटतो, बीपी चढतं. खरं मसल म्हणजे प्रोटीन, आणि ते कितीही सुया मारल्या तरी दहा दिवसांत चार किलो बनत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, त्यात ४३ पुरुष होते, काहींना १० आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिलं आणि काहींना नुसतं तेल. शेपटाचं वजन काढून टाकलं तरी ६०० म्हणजे शरीर रोज स्वतः बनवतं त्याच्या दहापटीच्या आसपास जातं. औषध अधिक व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन सरासरी ६.१ किलो वाढलं, आणि नुसता व्यायाम करणाऱ्यांचं १.९ किलो. म्हणजे स्टेरॉइड काम करतं, ह्यात वाद नाही, आणि जो सांगतो की काम करत नाही त्याच्यावर पोरं विश्वास ठेवत नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं. पण तो दहा आठवड्यांचा आकडा आहे, त्यातही पाणी आलं, जेवण मोजूनमापून होतं, माल शंभर टक्के खरा होता. वाढ काही एका रेषेत होत नाही हे धरूनही ढोबळ हिशेब करा, तीन-चार आठवड्यांत व्यायामाच्या वर जास्तीचं किती मिळणार? किलो, दीड किलो. आणि हेच दीड किलो सांभाळायची वेळ येते तेव्हा अंगात टेस्टोस्टेरॉन नसतं, कारण टँकर गेला आणि पंप बंद आहे.

हा मधला काळ फार वाईट असतो आणि त्याबद्दल इंजेक्शन विकणारा कधीच बोलत नाही. टाकी रिकामी, पण मसल मोडणारं कॉर्टिसोल नेहमीसारखं काम करतंय. परवापर्यंत सहज उचललेलं वजन आज छातीवर येऊन बसतं. झोप लागत नाही, सेक्सची इच्छा जाते, सकाळी उठावंसं वाटत नाही, चिडचिड होते, कारण नसताना रडू येतं. जिममध्ये आपल्याकडे कोणी ‘मला उदास वाटतंय’ असं म्हणत नाही, तो म्हणतो ‘पंप येत नाही यार’, म्हणजे व्यायाम करूनही मसल फुगत नाही, आणि खांदे पाडून आरशापासून लांबच्या मशीनवर जाऊन बसतो. काहींना खरं डिप्रेशन येतं, जीव द्यायचे विचार येतात, हे डॉक्टरांना नीट माहीत असलेलं आहे. तुमच्या ग्रुपमधला कोणी सायकल संपल्यावर असा शांत शांत झाला तर ‘हट्, काय पोरीसारखं करतोस’ म्हणू नका, त्याला घेऊन डॉक्टरकडे जा.

आमच्या जिमला येणाऱ्या एका पोराचं सांगतो, नाव नाही सांगत. वय २३, मोबाईलच्या दुकानात कामाला, अंग मुळातच चांगलं, चौड्या हाडाचा. डिसेंबरमध्ये त्याने चार आठवडे गोळ्या आणि इंजेक्शन केलं, जानेवारीतल्या स्पर्धेसाठी, मला न सांगता. स्पर्धेत पहिल्या पाचात पण आला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी तो मला भेटला तेव्हा उन्हाळा सुरू होत आलेला आणि ह्याने टी-शर्टवर जॅकेट घातलेलं. आत नेल्यावर चेन खाली केली आणि डाव्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, इथे गोटीसारखं लागतंय आणि बॅग लावली की दुखतं. निपलच्या मागे लिंबाच्या बीपेक्षा मोठी, घट्ट गाठ होती. ह्यालाच पोरं गायनो म्हणतात. टेस्टोस्टेरॉन आणि डायनाबोल दोन्हीचा काही भाग शरीर इस्ट्रोजनकडे, म्हणजे बायकांच्या हॉर्मोनकडे वळवतं, अरोमाटेज नावाचं एन्झाइम ते काम करतं, आणि त्या इस्ट्रोजनवर पुरुषाच्या छातीतली स्तनग्रंथी वाढते. ग्रंथी वाढायला सोळा आठवडे लागत नाहीत, ज्याच्यात ती प्रवृत्ती आहे त्याला तीन-चार आठवड्यांतच सुरू होतं, आणि कोणात ती प्रवृत्ती आहे हे आधी कळायची सोय नाही. सुरुवातीच्या नाजूक, दुखऱ्या अवस्थेत डॉक्टर गोळ्यांनी काही करू शकतात, पण एकदा तिथे तंतूमय टिश्यू धरलं की सर्जरीच.

त्याच्याकडून मी रक्त तपासून घेतलं, सकाळी उपाशीपोटी. शेवटची सुई मारून सहा आठवडे होऊन गेले होते. एलएच ०.२, जिथे लॅबची रेंज साधारण १.७ ते ८.६ होती. टेस्टोस्टेरॉन ८४, जिथे खालची मर्यादाच ३०० च्या आसपास असते. तो कागद त्याने दोन्ही हातांनी धरला होता आणि मला विचारत होता, ‘दादा हे ८४ म्हणजे शंभरपैकी का?’ मला काय बोलावं सुचेना. साठ-सत्तर वर्षांच्या माणसाचा रिपोर्टसुद्धा सहसा ह्याच्यापेक्षा बरा येतो.

आता पोरं लगेच म्हणणार की त्याने पीसीटी, म्हणजे सायकलनंतर पंप परत चालू करायचा गोळ्यांचा कोर्स, केली नसेल. केली होती, ज्याने माल दिला त्यानेच क्लोमिफेनच्या गोळ्याही दिल्या होत्या. क्लोमिफेन हे मुळात ज्या बायकांना बीज सुटत नाही त्यांच्यासाठीचं औषध, टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरचं. दोन्हींचं काम असं की मेंदूला इस्ट्रोजन दिसू द्यायचं नाही, म्हणजे सेक्रेटरीला वाटतं टाकी रिकामी आहे आणि तो वॉचमनला उठवतो. युक्ती चांगली आहे, डॉक्टरही वापरतात. पण टँकरचं पाणी अजून टाकीत असताना वॉचमनला हाका मारून उपयोग नाही, आणि पोरं नेमकं तेच करतात, शेवटच्या सुईच्या दुसऱ्या दिवसापासून गोळ्या चालू. शिवाय क्लोमिफेनने काहींच्या नजरेसमोर ठिपके, चमका दिसतात आणि मूड आणखी बिघडतो. पीसीटी म्हणजे विमा आहे असं समजून जे सायकल सुरू करतात त्यांनी हे लक्षात घ्यावं की औषध पंप चालू करायला मदत करतं, चालू होईलच अशी खात्री देत नाही.

ज्यांना वाटतं की लांब शेपटाचा प्रॉब्लेम असेल तर आपण नुसत्या गोळ्या खाऊ, दोन दिवसांत बाहेर पडतील, त्यांच्यासाठी लिव्हरचं. तोंडाने घेतलेलं टेस्टोस्टेरॉन लिव्हर पहिल्याच फेरीत मोडून टाकतं, म्हणून ह्या गोळ्यांच्या रेणूत एक बदल केलेला असतो, लिव्हरला तो नीट मोडता येऊ नये असा. जे लिव्हरला मोडता येत नाही तेच लिव्हरला त्रास देतं. काहींना कावीळ होते, अंगभर खाज सुटते, आणि ती काही आठवड्यांतच होऊ शकते. पण मला जास्त भीती कोलेस्टेरॉलची वाटते कारण ते दुखत नाही. १९८९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात वेट ट्रेनिंग करणाऱ्या ११ पुरुषांना ६ आठवडे रोज ६ मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉल दिलं, हे तेच ज्याला पोरं विन्स्ट्रॉल म्हणतात. रक्तवाहिन्या साफ ठेवणारं चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, ३३ टक्क्यांनी पडलं, आणि वाईट ते २९ टक्क्यांनी चढलं. त्याच माणसांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिल्यावर एचडीएल ९ टक्केच पडलं. म्हणजे ‘सुई नको, गोळ्याच घेतो, त्या सेफ’ हे उलटं आहे, आणि सहा मिलिग्रॅम म्हणजे जिममध्ये कोणी मोजतही नाही एवढी छोटी मात्रा. औषध थांबलं की हे आकडे बहुतेक परत येतात, हे खरं. पण ज्याच्या घरात वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक आलाय आणि जो वर्षात अशा तीन ‘छोट्या’ सायकली मारतोय, त्याचं एचडीएल वर्षातले किती महिने जागेवर असतं?

मुलाबाळांचंही सांगायला पाहिजे, कारण हे तेविसाव्या वर्षी कोणाच्या डोक्यात नसतं. वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं आणि शुक्राणू त्यावर बनतात. बाहेरून सुई मारली की रक्तात पूर येतो आणि नेमका त्या कारखान्यात दुष्काळ पडतो. हे इतकं भरवशाचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, १९९० मध्ये त्याचे निकाल छापले, आणि सहभागी पुरुषांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत शुक्राणू शून्यावर आले. औषध थांबवल्यावर ते परत आले, पण महिने लागले. एक शुक्राणू पूर्ण तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे लग्नासाठी म्हणून जी छोटी सायकल मारतात तिची झळ नेमकी लग्नानंतरच्या महिन्यांत लागते, आणि तपासायला मात्र बायकोला आधी पाठवतात.

बायकांबद्दल थोडंच पण महत्त्वाचं. फिजिक स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींना कोच ‘हलकी गोळी आहे, चारच आठवडे’ म्हणून देतात. स्वरयंत्र जाड झालं आणि आवाज घोगरा झाला की तो गोळी बंद केल्यावर परत येत नाही. आणि अठराच्या आतल्या पोरांच्या हाडांची वाढीची टोकं ह्या औषधांनी लवकर बंद होऊ शकतात, मग उंची तिथेच थांबते.

आता मी जे सगळ्यात जास्त पाहिलंय ते म्हणजे पहिली सायकल छोटी असते आणि दुसरी नसते. कारण साधं आहे, मधला तो रिकाम्या टाकीचा काळ सहन होत नाही, आरशातला माणूस बारीक दिसायला लागतो, आणि बरं वाटायचा एकच रस्ता माहीत असतो. हे आजचं नाही. डायनाबोल सिबा कंपनीने १९५८ मध्ये अमेरिकेत आणलं आणि जॉन झीग्लर नावाच्या डॉक्टरने वेटलिफ्टर्सना ते द्यायला सुरुवात केली, छोट्या डोसमध्ये. थोड्याच वर्षांत लिफ्टर्स त्याच्या कितीतरी पटीने खायला लागले आणि पुढे ह्याच डॉक्टरने आपण हे सुरू केल्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. डॉक्टरच्या हाताखाली असून ही गत झाली.

आणि इथे तर डॉक्टरच नसतो. कायद्याने ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, म्हणून मिळतो तो कुठे बनलाय ते माहीत नसलेला माल. मी एकदा लॉकर रूममध्ये बघितलं, स्टीलच्या ग्लासात कोमट पाणी, त्यात दहा मिलीची पिवळट तेलाची बाटली घट्टपणा जावा म्हणून ठेवलेली, आणि तीन पोरं रांगेत. बाटलीच्या रबरावर आधीच्या सुयांची भोकं होती. एकाने वापरलेली सुई परत त्याच बाटलीत गेली की हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही तिघांच्यात वाटलं जाऊ शकतं, आणि त्याला चार आठवडे लागत नाहीत, एक सुई पुरते. गळू होऊन कुल्ल्याचं मांस कापावं लागलेले लोक मी ओळखतो. लेबलवर २५० लिहिलंय म्हणजे आत २५० आहे, किंवा आत तेच औषध आहे, ह्याची हमी कोण देणार?

जे कबड्डी, कुस्ती खेळतात त्यांना वेगळं सांगायला नको, पण तरी, ही औषधं फक्त स्पर्धेच्या दिवशी नाही तर बाराही महिने बंदीत आहेत, डेकाच्या खुणा लघवीत कित्येक महिने सापडतात, आणि मुद्दाम घेतल्याचं ठरलं तर चार वर्षं खेळ बंद. छोटी सायकल होती हे पॅनेलपुढे सांगून उपयोग होत नाही.

ज्यांनी आधीच केलीय त्यांनी लाजू नका आणि घाबरून दुसरी सायकल चढवू नका. एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरकडे जा, काय घेतलं, किती आठवडे, शेवटची सुई कधी, सगळं खरं सांगा, बाटलीचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो दाखवा. सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्राडायोल, लिपिड, हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट, लिव्हरचे रिपोर्ट, आणि बीपी. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एक गोम आहे, एसजीओटी आणि एसजीपीटी हे जड वर्कआऊटनेही वाढतात, म्हणून तपासणीच्या आधी चार-पाच दिवस वजनं उचलू नका आणि जीजीटी पण करून घ्या, ते व्यायामाने वाढत नाही.

त्या पोराने हेच केलं. डॉक्टरांनी त्याला लगेच टेस्टोस्टेरॉन चालू केलं नाही, वाट बघू म्हणाले, दर सहा आठवड्यांनी रक्त. एप्रिलमध्ये एलएच १.१ झालं. जुलैमध्ये रात्री साडेअकराला त्याने मला रिपोर्टचा फोटो पाठवला, एलएच ३.४, टेस्टोस्टेरॉन ४१२, खाली फक्त ‘दादा आलं’ एवढंच लिहिलं होतं. चार आठवड्यांच्या सायकलनंतर सात महिन्यांनी. वजन तोपर्यंत नोव्हेंबरमध्ये होतं त्याच्याही खाली गेलं होतं. गाठ मात्र आहे तिथेच आहे, सर्जनने गणपतीनंतरची तारीख दिलीय आणि पैसे तो दुकानातल्या पगारातून बाजूला टाकतोय. जिमला येतो, जॅकेट घालूनच.